पोपटी रेघ

ज्या वर्षी आक्काच्या धाकट्या भावाला सेहेचाळिसाव्या वर्षी पहिली मुलगी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात आनंद होता, पण आनंदाच्या आधी हशा पिकला होता.

"शाळेत सोडायला जाशील तेव्हा लोक तुला आजोबा म्हणतील," आक्का म्हणाली.

"म्हणू देत. आजोबांना निदान बसायला खुर्ची देतात," धाकटा म्हणाला.

पोरीला बसच्या गर्दीतून न्यायला नको म्हणून त्यानं गाडी घ्यायची ठरवली. आक्का बावीस वर्षं ज्या कारखान्यात कामाला होती, पोरगी दोन महिन्यांची झाल्यावर तिथलीच गाडी घेतली. दुसऱ्या कुठल्या कंपनीची घेतली असती तर आक्कानं त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

आक्काचं काम सांगायला सोपं होतं. चाकाला खालून धरून ठेवणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला सगळे आर्म म्हणतात. पलीकडचा माणूस हवेच्या गननं आर्मचा नट आवळायचा, आणि आक्का रंगाच्या पेननं एक रेघ मारायची. अर्धी रेघ नटावर, अर्धी आर्मवर. पुढे कधी नट फिरला तर रेघ तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. पण रेघेचा खरा अर्थ त्याहून मोठा होता. रेघ म्हणजे हा नट आवळला, कुणीतरी पाहिला, आता कुणी हात लावायचा नाही. उजव्या बाजूला लाल रेघ, डाव्या बाजूला आक्काची गर्द हिरवी. बावीस वर्षांत तिची रेघ वाकडी गेली नव्हती. नवीन पोरी यायच्या तेव्हा त्यांना तिची रेघ दाखवायला आणत.

मुलगी महिन्याची झाली होती तेव्हाची एक दुपार. आक्काचं पेन संपलं. स्टोअरवाला महाचिकट, जुनं रिकामं पेन हातात पडल्याशिवाय नवं द्यायचा नाही, आणि नवं पेन कितव्या गाडीवर उघडलं तो नंबर रजिस्टरात चढवल्याशिवाय तर नाहीच. त्याला सगळे चिकटराव म्हणत. त्या दिवशी तो म्हणाला, "गर्द हिरवं संपलंय. हे पोपटी घे."

"हा काय रंग आहे? माझी रेघ कावीळ झाल्यासारखी दिसेल."

"मग नको घेऊ. माझं एक पेन वाचलं."

तिनं घेतलं. जागेवर येऊन उभी राहते तोच हवेचा दाब उतरला. गन घुरघुरायला लागली, नट निम्माही आवळला जाईना. सुपरवायझर धावत आला. कुठलीही अडचण सांगा, तो 'होईल, होईल' म्हणायचा, म्हणून त्याचं नाव होईलसाहेब पडलं होतं.

"लाइन थांबवू नका," तो म्हणाला. "नट हातानं बसवा. आक्का, तुम्ही रेघ मारत चला. पूर्ण आवळणं नंतर, गाड्या बाहेर यार्डात लागल्या की करून घेऊ."

"न आवळता रेघ?"

"होईल हो! मी आहे ना."

आक्कानं रेघ मारली. सदतीस गाड्यांवर मारली. तोवर पाळी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा परत आली, आणि चिकटरावांकडे गर्द हिरवा रंगही आला. पोपटी पेन तिनं परत केलं. त्या दिवशी दोनदा आणि दुसऱ्या दिवशी एकदा तिनं विचारलं, "साहेब, यार्डातलं झालं का?" आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, "झालं हो ते." तिनं विषय सोडला. माणूस तीनदा विचारतो, चौथ्यांदा विचारायला लाजतो.

मुलगी चार महिन्यांची झाली तेव्हा एका रविवारी धाकटा म्हणाला, "आक्का, तुझ्या कंपनीची गाडी डावीकडे वळवली की टकटक करते. पोरगी झोपेतून दचकते."

"तू चालवतोस म्हणून ती दचकते," ती म्हणाली आणि बॅटरी घेऊन खाली उतरली. त्याला स्टिअरिंग पूर्ण फिरवायला लावलं आणि गुडघे टेकून चाकामागे पाहिलं.

रेघ पोपटी होती.

आणि ती तुटली होती. आर्मवरचा अर्धा भाग जागेवर होता, नटावरचा डावीकडे सरकला होता. उजवीकडे सरकला असता तर यार्डात कुणीतरी नट आवळला, असा त्याचा अर्थ झाला असता. डावीकडे म्हणजे नट सुटत होता.

"काय गं? उंदीर शिरलाय का?" धाकट्यानं वरून विचारलं.

"पान्हा आण. मोठा."

तिनं नट आवळला, हाताला घाम येईपर्यंत आवळला. टकटक बंद झाली. धाकटा खूष झाला, म्हणाला, घरचाच डॉक्टर असला की बरं. आक्का जिन्याच्या पायरीवर बसून मोजायला लागली. एक गाडी झाली. छत्तीस राहिल्या होत्या.

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. कामावरून सुटली की सरळ घरी जाईना. दवाखान्यापुढे, बाजारापुढे, बँकेच्या आवारात जिथे गाड्या उभ्या असतील तिथे जाऊन त्या मॉडेलची गाडी दिसली की वाकून चाकामागे बघायची. गर्द हिरवी दिसली की सुटका झाल्यासारखं वाटायचं, ते पुढची गाडी दिसेपर्यंत. जेवताना खिडकीखालून गाडी वळली की घास हातात राहायचा. आवाज येतोय का? नाही. येतोय का? भावजय म्हणाली, "आक्का, तुम्ही ताटात बघा, रस्ता कुठे पळून जात नाही."

एकदा पोपटी रेघ सापडली. ती पिशवीतून पान्हा काढून चाकाखाली हात घालणार तोच गाडीची मालकीण ओरडत आली. "चाक चोरतेस? या वयात?"

"बाई, मी चोर नाही. हा नट बघा."

"सगळे चोर असंच म्हणतात!"

चार माणसं जमली. त्या चौघांसमोर, मालकिणीला स्टिअरिंग धरायला लावून आक्कानं नट आवळला. दीड फेरा फिरला. बाई हळूच म्हणाल्या, "कालच मी पोरांना घेऊन घाटातून आले."

त्या वाक्यानं आक्काचं ठरलं. असं वाकून वाकून किती गाड्या सापडणार? ती होईलसाहेबाकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं, आणि पहिल्यांदाच 'होईल' म्हणाला नाही.

"आक्का, रेघ कुणाची?"

"माझी."

"कागदावर काय लिहिलंय? रेघ म्हणजे नट आवळलेला. मग खोटं कुणी बोललं? मी तर कुठे रेघ मारली नाही."

"तुम्ही सांगितलंत."

"कोण म्हणतं?" तो म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीत तुमची. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

बाहेर येऊन ती हात धुवायच्या नळापाशी उभी राहिली. तो लबाड होता, पण बोलला ते खोटं नव्हतं. रेघ तिचीच होती. नाही म्हणायला तिला तोंड होतं आणि त्या दुपारी ते तिनं उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती क्वालिटी खात्याच्या मोठ्या बाईंपुढे जाऊन बसली. या बाई कडक म्हणून प्रसिद्ध. आक्कानं सही करून लिहून दिलं, 'नट न आवळता सदतीस गाड्यांवर मी रेघ मारली. सुपरवायझरनं सांगितलं म्हणून मारली, पण मारली मी.'

"कुठल्या सदतीस?" बाईंनी विचारलं.

"चिकटरावांना विचारा. पोपटी पेन कुठल्या गाडीवर उघडलं आणि कुठल्या गाडीवर परत आलं, त्यांच्या रजिस्टरात असणार."

होतं. चिकटरावांचा चिकटपणा त्या दिवशी देवासारखा धावून आला. पस्तीस मालकांचे पत्ते निघाले.

आक्काला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. होईलसाहेबाची दुसऱ्या खात्यात बदली झाली, तिथली खुर्ची आधीच्याहून मोठी होती. याचंही तिला फारसं काही वाटलं नाही. तिचा जीव पत्रावर होता. पत्र जायच्या आधी बाईंनी तिला ते वाचून दाखवलं: 'आपल्या लाडक्या गाडीची मोफत तपासणी. सवडीनं या. चहापानाची सोय केली आहे.'

"हे काय आहे?" आक्का म्हणाली. "चाक निखळेल, असं लिहा. गाडी चालवू नका, असं लिहा."

"मी लिहिलं होतं. कंपनीचे वकील 'चाक' हा शब्दच राहू देत नाहीत."

"मग लोक चहा प्यायला येतील का हो?"

बाईंनी पत्राची घडी घातली. "बरेचसे येतील."

चौतीस आले. एक आला नाही. दोन आठवडे वाट पाहिल्यावर बाईंचा घरून फोन आला. मालकांचे पत्ते बाहेर द्यायचे नाहीत असा नियम होता. बाई म्हणाल्या, "लिहून घ्या," आणि पत्ता सांगितला.

पत्ता एका चष्मेवाल्याचा निघाला. दुकानभर आरसे, आणि प्रत्येक आरशात आक्का, हातात पान्ह्याची पिशवी घेतलेली.

"पत्र आलं होतं खरं," तो म्हणाला. "जाहिरात वाटली. रोजच येतात असली. टाकून दिलं."

"जगाला चष्मे करून देता आणि स्वतः वाचत नाही?"

"वाचलं की! चहापान लिहिलं होतं. चहापानाला कोण घाबरतं?" मग त्याचा चेहरा उतरला. "आणि ती गाडी आता माझ्याकडे नाही. वळताना आवाज करायची. तीनदा सर्व्हिसला नेली. तिन्ही वेळा लिहून आलं, दोष आढळला नाही. एकानं तर मला चाकामागे दाखवलं, ही बघा कारखान्याची रेघ आहे, म्हणजे इथे बघायलाच नको. कंटाळून विकली."

रेघ आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ती जुळते का, हे कुणी पाहिलं नव्हतं.

"कुणाला विकली? आवाजाचं सांगितलंत का त्यांना?"

चष्मेवाला एक फ्रेम पुसायला लागला. ती आधीच पुसलेली होती.

"त्यांनी विचारलं नाही," तो म्हणाला.

घेणारे एक गाण्याचे मास्तर होते, बसनं दोन तासांवरच्या गावात राहणारे. फोन लागत नव्हता. आक्का सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसली. दोन तासांत तिनं पाठ टेकली नाही. बसला ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डाव्या चाकाकडे बघत राहिली. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, तू बसलीयस की बस ढकलतेयस?"

मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. आतमध्ये कुणीच नव्हतं. शेजारीण कपडे वाळत घालत होती, ती काठीसकट पुढे आली.

"तुम्ही उशिरा आलात. मास्तर गेले. गाडी उलटली पुलापाशी. पोलीस म्हणतात, जोरात होती." तिनं मान हलवली. "मास्तर इतके हळू चालवायचे की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. त्यांच्या शिकवणीची मुलं चिडवायची त्यांना, मास्तर, गाडीला ताल लावलाय का म्हणून."

"कधी?"

"नऊ दिवस झाले."

नऊ दिवस. म्हणजे ती खिडकीखालच्या गाड्या ऐकत होती, बाईंच्या फोनची वाट बघत होती, ते सगळं एका गेलेल्या माणसासाठी चाललं होतं.

गाडी पोलीस चौकीच्या मागे उभी होती. डावं चाक मागच्या सीटवर टाकलेलं होतं. आक्कानं गुडघे टेकले. नट नव्हता. आर्मवर तिची अर्धी रेघ होती, पोपटी, सरळ, जराही वाकडी नाही.

चौकीतला पोलीस म्हणाला, "कागद पूर्ण झालाय. चालकाचा ताबा सुटला. तुम्ही मास्तरांच्या कोण?"

"कुणी नाही."

"मग?"

"ती रेघ माझी आहे. तुम्ही लिहा, मी सांगते."

मग त्यानं नवा कागद घेतला. "हळू सांगा. माझा हात धीमा आहे."

तिनं सांगितलं. हवेचा दाब, सदतीस गाड्या, होईलसाहेब काय म्हणाला, तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारलं नाही, सर्व्हिसवाल्यांनी काय लिहून दिलं, पत्रात चहापान लिहिलं आणि चाक लिहिलं नाही. लिहून झाल्यावर तिनं वाचून घेतलं. 'नट सैल असावा' असं त्यानं लिहिलं होतं. तिनं 'असावा' खोडायला लावलं आणि 'होता' लिहायला लावलं. खाली सही केली.

गाडी उलटली त्या सकाळी पत्र चष्मेवाल्याच्या हातात पडल्याला सहा दिवस झाले होते. धाकट्याची मुलगी साडेपाच महिन्यांची होती, त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी पावणेनऊ वाजता, पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाण्याचे मास्तर वारले. त्यांचं वय एक्कावन्न होतं.