विस्तव आणणारा डबा

मी एक जुना लोखंडी डबा आहे, मित्रांनो. अंगाला बारा छिद्रे, एक कान तुटलेला. रूपाच्या नावाने बोंबच आहे, पण कामात मी कधी कसूर केली नाही. वर्षातून एकदा विस्तव घरी आणायचा, एवढेच माझे काम.

शरदाच्या अखेरीस तुम्ही मुखवटे घालून दारोदार गोड गोळ्या मागता ना? तो सण फार जुना आहे. गोळ्या त्यात अगदी परवा आल्या. माझ्या आधी या घरात मातीचे भांडे होते, त्याने मला हे सांगितले. पीक घरात आले आणि दिवस आखडले, की लोकांना अंधाराची धास्ती वाटे. गेलेली माणसे त्या संध्याकाळी घराकडे फिरकतात, असे ते मानत. त्यांच्यासोबत भलतेसलते कोणी आले तर त्याने ओळखू नये म्हणून तोंडाला राख फासत. मग घरोघरची चूल विझवत, टेकडीवर सगळे मिळून एकच जाळ करत आणि त्यातला निखारा आपापल्या घरी नेत.

लोहाराने मला घडवले ते या घरच्याच एका पाववाल्यासाठी. खाली राख, मध्ये निखारा, वर पुन्हा राख, अशी माझी सजावट. माझ्यातल्या विस्तवावर भट्टी पेटली की पहिला पाव माझ्याशेजारी ठेवत. पुढे लायटर आले आणि टेकडीवर लोक फोटो काढायला जाऊ लागले. या घरचे बाबा मात्र चाळीस वर्षे मला घेऊन टेकडी चढले. गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. भट्टी लायटरने पेटली. मुलाने मला गोळ्यांचा डबा केला. हौसेने माझी छिद्रे सिमेंटने बुजवली, वर निळा रंग दिला. सगळे म्हणाले, छान दिसतो. मला मात्र गुदमरल्यासारखे झाले.

यंदा बाबा नव्हते. सणाच्या दिवशी आईने माझ्यातल्या गोळ्या ओतून टाकल्या.

"अगं, लायटर आहे की! गुडघे बघ तुझे," मुलगा म्हणाला.

"गुडघे माझे आहेत, मी बघीन. तू भट्टी झाडून ठेव. पेटवायची मात्र नाही. आज ते येतील, त्यांना आपला विस्तव दिसला पाहिजे."

मला घेऊन ती टेकडी चढली आणि तिथल्या जाळातला निखारा तिने माझ्यात घेतला. अधू नजरेला बुजलेली छिद्रे दिसली नाहीत. अर्ध्या उतारावर तिने झाकण उघडले, तर निखारा काळा पडलेला! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिने माझ्या अंगावरून बोट फिरवले आणि तिला सारे कळले. ती रडली नाही. कुंपणाचा एक सैल खिळा तिने उपटला आणि दगडाने ठोकून ठोकून सात छिद्रे मोकळी केली.

"सात पुरे," म्हणाली, आणि पुन्हा टेकडी चढली.

नवा निखारा घेऊन आम्ही घरी पोचलो तेव्हा मुलगा थंड भट्टीपाशी उभा होता. त्याने रंगाचे उडालेले पोपडे पाहिले, आईचे सोललेले बोट पाहिले आणि मान खाली घातली. मग वाकून त्यानेच निखाऱ्यावर फुंकर घातली. भट्टी पेटली. पहिला पाव बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला गेला. उरलेली पाच छिद्रे दुसऱ्या दिवशी मुलाने उघडली.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हवा तर रंग द्या, पण ती श्वास कुठून घेते ते आधी पाहा. पुढच्या शरदात मी टेकडी चढणार म्हणजे चढणार. गोळ्या तुमच्या खिशात ठेवा.