बाटलीला दाखवलेलं ऊन

"आडवी ठेव, अंजना. उभी केलीस तर बूच वाळतं."

एवढंच सांगून आमच्या ह्यांनी ती बाटली माझ्यापुढं धरली होती. मी हात मागं घेतला. आमच्या जैन घरात पाणीसुद्धा गाळल्याशिवाय पीत नाहीत, दिवेलागणीनंतर कुणी जेवत नाही, आणि हे वाईनची बाटली घेऊन दारात उभे! शेवटी जिन्याखाली, फौंड्रीतून आणलेल्या लाकडी पेटीत, गोणपाटावर तिला जागा दिली. स्वयंपाकघरापासून होईल तेवढी लांब.

शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीचा माल पहिल्यांदा परदेशी गेला, तेव्हा इटलीच्या खरेदीदारानं ती भेट दिली होती. भारीतली लाल वाईन. वीस वर्षं मुरू द्या, मग चाखा, म्हणाला. ह्यांना तिचा काय उपयोग? पण जोतीरामभाऊजींची नजर तिच्यावरून हलेना. भाऊजी ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, ह्यांना 'तवना' म्हणणारे, आणि फौंड्रीतले मुख्य मोल्डर, ओतकामाचे साचे करणारे. हात सोन्याचा, पण पिणं फार वाढलेलं. महिन्यापूर्वीच हात थरथरून लोखंडाचा रस पायावर सांडला होता.

हे त्यांना म्हणाले, "जोत्या, ही बाटली तुझीच. पण वीस वर्षांनी उघडायची. तोवर दुसरी कुठली तोंडाला लावायची नाही. कबूल?"

आमच्यात नियम, म्हणजे एखादी गोष्ट सोडण्याचं व्रत, असाच देतात, मुदत घालून. जन्मभराचं म्हटलं की माणूस घाबरतो. भाऊजी कबूल म्हणाले, आणि त्यांनी तो पाळला. हे चार वर्षांपूर्वी गेले, त्यानंतरही पाळला.

गेल्या आठवड्यात वीस वर्षं भरली. आदल्या दिवशी चिमणाबाईंचा, भाऊजींच्या बायकोचा फोन आला.

"वैनी, बाटली फुटली म्हणून सांगा की. ती उघडली की ह्यांचा नियम सुटतोय."

"खोटं कसं बोलू, चिमणाबाई?"

"मग माझं काय करू, ते तरी सांगा."

शब्द ह्यांनी दिलेला होता आणि तो मोडणं माझ्या हातात नव्हतं. पण दिवसभर भाकरी थापताना, माळ ओढताना माझं मन जिन्याखालीच होतं.

भाऊजी दुपारी चारला आले. इस्त्रीचा सदरा, एका हातात पिशवी, दुसऱ्यात पक्कड.

"पेला घरनं आणलाय, वैनी. तुमचं भांडं बाटाय नको."

"आणि पक्कड?"

"बूच उपसाय. लई बुचं उपसल्यात ह्या हातानं, पर वीस वर्षांत सवय मोडली बघा."

मागच्या अंगणात पायरीवर बसून त्यांनी पिशवीतला स्क्रू काढून बुचात पिळला आणि पकडीनं ओढला. बूच निम्म्यात तुटलं, भुगा आत पडला. "एखादं गळणं द्या की," ते म्हणाले. पाण्याचं गळणं कसं देणार? मी कोऱ्या कापडाचा तुकडा फाडून दिला.

पेल्यात उतरलं ते लाल नव्हतंच. जुन्या कौलासारखा विटकरी रंग. भाऊजींनी आधी वास घेतला, मग डोळे मिटून एक घोट. किती तरी वेळ तो तोंडातच धरला. माझ्या हातातली माळ थांबली.

"कशी आहे?"

"झकास हाय." पण कपाळ आक्रसलं होतं.

"भाऊजी."

"वैनी, खरं सांगू? वास गुऱ्हाळावर करपलेल्या काकवीचा आणि चव चिंचेच्या पाण्याची. ही शिजलीय हो. ऊन लागलंय हिला कुठंतरी."

"ऊन मीच देत होते," मी हळूच म्हटलं. "दर चैत्रात. जोंधळा, डाळी गच्चीवर घालायचे, त्यांच्याबरोबर हिलाही. घरात वर्षभर राहायचं त्याला ऊन दाखवायचं, एवढंच मला ठाऊक. परत जिन्याखाली ठेवून अंघोळ करायचे."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं आणि असे हसत सुटले की शेजारच्या गच्चीवरचे कावळे उडाले. "वाईनला वाळवण! आणि तवना काय म्हणायचा?"

"तेच वर नेऊन द्यायचे. आडवी ठेवायचे जोंधळ्यावर."

भाऊजींचं हसू थांबलं. "त्याला ठाऊक होतं की. इटलीवाला आम्हा दोघांना बजावून गेलता, ऊन दाखवू नका म्हणून." सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी डोळे पुसले. "एक तर बायकोला चूक म्हणायचं नव्हतं, न्हायतर मला दुसरा घोट घेऊ द्यायचा नव्हता. बेनं लबाड!"

"दोन्ही असेल," मी म्हटलं.

उरलेलं त्यांनी मोरीत ओतलं, वर दोन बादल्या पाणी टाकलं. रिकामी बाटली पिशवीत घातली, पण उठेनात.

"वैनी, आता मी मोकळा. त्याचीच भीती वाटालीय. इतकी वर्षं वाटायचं, ती बाटली माझी राखण करतीय. मला दुसरा नियम द्या. आणखी वीस वर्षांचा."

"तेवढा मोठा मला देता येत नाही, भाऊजी. मी स्वतः रोज सकाळी घेते तो एका दिवसाचाच असतो. कधी तूप सोडते, कधी गूळ. उद्या सूर्य उगवेपर्यंत तुम्ही दारूला तोंड लावायचं नाही. एवढाच."

"आणि उद्या?"

"उद्या मी येईन दारावर. परवाही येईन."

"रोज? तुमचे गुडघे?"

"ते मी बघते."

ते गेल्यावर मी अंघोळ केली आणि ऊन होतं तोवर जेवून घेतलं. चिमणाबाईंना फोन केला नाही. तोंडानं सांगण्यासारखं अजून काही घडलं नव्हतं.

सकाळी मंदिरात दर्शन झालं, गूळ सोडला. राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीकडं रोजची वाट उजवीकडं जाते. मी पदर सारखा केला आणि डावीकडं, भाऊजी राहतात त्या टाकाळ्याच्या चढाला लागले.