कुलकुलांचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना कंगवा आहे. लगेच डोके खाजवू नका! माझे भाऊबंद कोंड्यात आणि खोबरेल तेलात जन्म घालवतात. मी तसला नव्हे. मी स्वयंपाकघरातला कंगवा आहे. नाताळ जवळ आला की मला कढत पाण्याने आंघोळ घालत आणि मगच पिठाला लावत. ही आंघोळ मला फार आवडायची. आजही स्टोव्हवर माझ्यासाठीच पाणी ठेवले आहे. पण आज मला ती आंघोळ नको आहे. का नको, ते पाणी तापेपर्यंत सांगतो.

भुलेश्वरच्या एका कारागिराने मला शिसवाच्या लाकडातून कोरले. आग्नेसच्या आईने मला विकत घेतले आणि लेकीच्या लग्नात तिच्या हातात ठेवून बजावले, "हा डोक्याला लावशील तर बघ!" तेव्हापासून मी गिरगावातल्या या वाडीत राहतो. मलमलीच्या फडक्यात, बिस्किटांच्या डब्यात माझा मुक्काम असे. वर्षभर झोप आणि नाताळात काम.

काम कसले, तर कुलकुले वळायचे. मैदा, अंडे आणि नारळाचे दूध एकत्र मळायचे, त्याची बोराएवढी गोळी माझ्या दातांवर अंगठ्याने चेपायची आणि हलकेच गुंडाळत न्यायची. पाठीवर रेघा उमटलेला लहानसा शंख तयार होतो. तो तळून साखरेच्या पाकात घोळवतात. काही लोक हे काम जेवणाच्या काट्यावर करतात. त्या रेघांबद्दल मी न बोललेलेच बरे.

आग्नेस आणि तिचा नवरा आल्बर्ट यांना मूलबाळ नव्हते. भिंतीला भिंत लागून सुभद्राबाईचे बिऱ्हाड होते. ती विधवा होती आणि जगदीश हा तिचा एकुलता एक मुलगा. दिवाळीला सुभद्राच्या घरून फराळाचे पितळी ताट यायचे. ते नाताळपर्यंत आग्नेसकडेच राहायचे आणि कुलकुलांनी भरून परत जायचे. ताट रिकामे पाठवायचे नाही, असा दोन्ही घरांचा रिवाज होता.

कुलकुले वळायला जगदीश लहानपणापासून आग्नेसच्या शेजारी बसे. त्याच्या अंगठ्याचा दाब नेमका होता. त्याच्यासारखे शंख आग्नेसलाही जमत नसत. पण खोडकर भारी! काम संपले की मला आपल्या कुरळ्या केसांजवळ नेऊन विचारायचा, "लावू का मावशी? एकदाच?" मग आग्नेस लाटणे उगारायची आणि तो हसत पळायचा. पुढे तो छापखान्यात नोकरीला लागला, त्याला मिशा फुटल्या, तरी हा खेळ चुकला नाही. माझा मात्र दरवर्षी जीव खालीवर व्हायचा.

मग १९५५ साल आले. तुम्ही घरी मोठ्यांकडून ऐकले असेल, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून तेव्हा शहर पेटले होते. त्या दिवाळीतही फराळाचे ताट जगदीशनेच आणले. भाऊबीज होऊन आठवडाही उलटला नव्हता. तो मोर्च्याबरोबर फ्लोरा फाउंटनला गेला आणि तिथे गोळीबार झाला. त्या संध्याकाळी जगदीश घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आणले.

सुभद्राबाईने दार लावून घेतले. कोणी डबा दिला तर ती दोन घास खाई, नाही तर तशीच बसून राही.

डिसेंबर उजाडला तशी आग्नेसला जबर सर्दी झाली. नाक चोंदलेले, घसा बसलेला, अंगावर गोधडी. तशातही ती वाफारा घेई आणि उठून काहीबाही करी. पडदे धुतले, येशूजन्माच्या देखाव्यातल्या मातीच्या मेंढ्या पुसल्या, त्यांच्या हिरवळीसाठी बशीत नाचणी पेरली. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. आल्बर्टने माळ्यावरून कागदाची चांदणी काढली आणि दबक्या आवाजात विचारले, "आग्नेस, यंदा लावू का नको?"

"लाव. पण आतल्या बाजूला. तिच्या दारात उजेड नको पडायला."

"आणि कुलकुलं राहू दे गो. निज जरा. बेकरीतून केक आणू, झालं."

"आणि तिचं ताट? ते रिकामं देऊ?"

आल्बर्टने चांदणी आतल्या बाजूला टांगली. आग्नेसच्या मनात एकच होते. सुभद्राने जगदीशच्या आवडीचे एक कुलकुल जरी तोंडात घातले, तर ती पुन्हा जेवायला लागेल, जगायला लागेल. मलाही तसेच वाटत होते. आपल्या कामावर माझा फार भरवसा होता.

नाकाला रुमाल बांधून तिने पीठ मळले आणि ओल्या फडक्याखाली झाकले. मला आंघोळ घातली. पहिली गोळी दातांवर चेपणार, इतक्यात दार वाजले. दारात सुभद्राबाई उभी होती, हातात काढ्याचे भांडे. जगदीश गेल्यापासून ती पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर पडली होती.

"सकाळपासून खोकला ऐकते आहे तुझा. गवती चहा नि सुंठ आहे. गरमच पी."

त्या सर्दीचे मी आजही उपकार मानतो. जे कोणाच्या विनवणीने झाले नाही, ते आग्नेसच्या खोकल्याने झाले.

सुभद्रा खाली टेकली. तिचे केस मला दिसले. त्यांना महिनाभर तेल नव्हते, फणी नव्हती, नुसता गुंता. तिची नजर माझ्यावर पडली.

"हा तोच ना गो?"

आग्नेसने मान हलवली.

"एकदा तरी लावू द्यायचा होतास त्याला."

आग्नेसने मला झग्याला पुसले, सुभद्राच्या मागे जाऊन बसली आणि मला तिच्या केसांत घातले.

मित्रांनो, मी अंग चोरले. माझे जन्माचे सोवळे क्षणात मोडले. पण आग्नेस खालून, टोकापासून, एकेक गुंता हळूहळू सोडवत गेली आणि मला कळले, हे केस कुरळे आहेत, दाट आहेत. जगदीशचे केस असेच होते. त्याला लावले असते तर मला असेच लागले असते. मला फार रडू आले. लाकडाला रडता येत नाही, एवढेच. आग्नेस मात्र नाक पुसत होती. सर्दीत एक बरे असते, का पुसतेस म्हणून कोणी विचारत नाही.

मग तिने काट्यावर कुलकुले वळली आणि ताट भरून सुभद्रापुढे ठेवले. सुभद्राने एक उचलले, तोंडात घातले, बराच वेळ धरून ठेवले आणि पुन्हा तळहातावर काढले.

"जात नाही गो," ती म्हणाली. "ताट राहू दे तुझ्याकडंच. ते आणायला-न्यायला कोण आहे आता?"

ताट इथेच राहिले. आग्नेसने मला त्यातच ठेवले. पुढे दर नाताळच्या आधी सुभद्रा एका दुपारी येऊन पाठमोरी बसे आणि आग्नेस मला घेऊन तिचे केस विंचरी. दोघी फारशा बोलत नसत. केस पांढरे होत गेले, विरळ होत गेले. कुलकुल तिने पुन्हा कधी खाल्ले नाही.

यंदा मे महिन्यात महाराष्ट्र राज्य झाले. वाडीत रोषणाई झाली. कोणीतरी दिलेला पेढा घेऊन सुभद्रा आमच्याकडे आली.

"मिळाली म्हणे मुंबई."

"हो गो," आग्नेस म्हणाली.

"बरं झालं. त्याला आवडलं असतं."

तिने पेढा ताटात माझ्याशेजारी ठेवला आणि गेली. त्याला मुंग्या लागल्या. पावसाळ्यात ती तापाने वारली.

आज पुन्हा डिसेंबर आहे आणि आग्नेसला पुन्हा सर्दी झाली आहे. मदतीला माहीमहून तिची भाची डोरोथी आली आहे. कामसू मुलगी. तिने आत्याच्या छातीला बाम चोळून तिला निजवले आणि कुलकुलांच्या तयारीला लागली. कपाटात, त्या पितळी ताटात तिला मी सापडलो. माझ्या शेवटच्या दातांत एक लांब पांढरा केस अडकला आहे. गेल्या डिसेंबरात आग्नेसला तो दिसला होता. तिने तो काढला नाही.

"शी! आंटीचं लक्षच नाही," असे म्हणत डोरोथीने पाण्यात सोडा टाकला.

जुन्या वस्तू स्वच्छ ठेवा, असे तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर ठेवा. पण धुण्यापुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा. प्रत्येक डाग म्हणजे मळ नसतो. हा केस म्हणजे सुभद्राचे आणि तिच्या जगदीशचे या जगात उरलेले सगळे आहे.

पाण्याला आधण आले आहे. डोरोथी मला घ्यायला येते आहे. मित्रांनो, कोणीतरी आग्नेसला उठवा.