बांगड्यांच्या पेटीचा दुसरा संसार

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, खांद्यावर अडकवायला चामडी पट्टा आणि अंगावर इतके ओरखडे, की मोजायला बसलात तर तुमची सुट्टी संपून जाईल. पण आज लग्नघरांत माझी वाट पाहतात, हेही ऐकून ठेवा. म्हातारपणी थोडा तोरा मिरवला तर काय बिघडलं?

माझा जन्म एरंडोलचा. सुकदेव मिस्त्रींनी सागाच्या फळ्यांवर रंधा मारून मला घडवलं. आत बांगड्या ओवून ठेवायला लाकडी दांडे बसवले. झाकणाला काच लावली, म्हणजे न उघडताच आतला माल दिसावा. मला करवून घेतलं नजीरभाऊंनी. ते मण्यार, म्हणजे बापजाद्यांपासून बांगड्या भरण्याचा धंदा. मला खांद्याला लावून ते गावोगाव फिरत. दारात उन्हाच्या बाजूला बसत, कारण बांगडीचा खरा रंग उन्हातच कळतो. समोर आलेला हात जरासा दाबून पाहिला, की कोणती बांगडी बसेल ते त्यांना कळे. वर म्हणत, "काय हात आहे! बांगडीचं नशीब उघडलं!" पोरीबाळी खुदकन हसत आणि हात सैल पडे. हात सैल पडला की बांगडी सहज चढते. लबाड होते आमचे नजीरभाऊ, पण लबाडी गोड होती.

काचेची बांगडी 'फुटली' असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. ते 'वाढवली' म्हणत. त्यांचा एक नियमही होता: "भरताना वाढवली तर माझी, भरल्यावर वाढवली तर तुमची." म्हणजे हातात चढवताना बांगडी गेली, तर तो तोटा भरणाऱ्याचा. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही.

एकदा असोद्याला एका नवरीचा हिरवा चुडा भरताना बांगडी तिच्या मनगटावरच गेली. लग्नाचं घर! बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी "अपशकुन!" म्हणालं आणि नवरीचा चेहरा पांढराफटक पडला. नजीरभाऊंनी शांतपणे तुकडे रुमालात घेतले आणि म्हणाले, "अगं, वाढवली ती माझी. तुझी तर अजून हातात यायचीय." दुसरी बांगडी सरसर चढली. नवरी हसली, बायका हसल्या, आणि रीतीप्रमाणे तिने वाकून भाऊंना नमस्कार केला. बांगड्या भरून झाल्यावर नमस्कार करायचा, मग भरणारा कुठल्या का जातीधर्माचा असेना. त्या दिवशी माझी छाती फुगली होती. पेटीला छाती नसते म्हणता? असू द्या.

पण दिवस काही सारखे राहत नाहीत. दुकानात तयार बांगड्यांचे संच आले, नजीरभाऊंचे हात थरथरू लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. त्यांच्या सुनेने, जरीनाने, माझ्यात शिलाईच्या चिंध्या कोंबल्या. झाकणाची काच तडकली. झुरळांनी घर केलं. खूप वाईट वाटायचं मला. कामाची सवय लागलेल्याला आराम म्हणजे शिक्षाच.

माझं नशीब पुन्हा उघडलं ते सबामुळे. सबा ही जरीनाची मुलगी, नजीरभाऊंची नात. तिने जळगावला मेकअपचा कोर्स केला. पार्लर उघडण्याऐवजी नवरीच्या घरी जाऊन तयार करायचं, असं तिने ठरवलं. जरीना म्हणाली, "हा एक हंगाम बघते. नाही जमलं तर कापडाच्या दुकानात कामाला लागायचं." सबाने मान डोलावली, पण त्या रात्री तिचा डोळा लागला नाही.

तिला हवी होती दिव्यांची, चाकांची चकचकीत पेटी. पण पेटी घेतली तर सामान राहतं आणि सामान घेतलं तर पेटी. ती विचार करत माळ्यावर चढली आणि तिचा हात माझ्या पट्ट्याला लागला.

नजीरभाऊ खालून म्हणाले, "ने बेटा. पण अर्धवट पेटी घेऊन लोकांच्या दारात जाऊ नकोस. पेटी दिसायला कशीही असो, उघडल्यावर शोभली पाहिजे."

मग काय विचारता! सबाने मला कडुलिंबाच्या पाण्याने पुसलं, उन्हात वाळवलं, आतून पांढरं रेक्झिन लावलं. तडकलेल्या काचेच्या जागी आरसा बसवला. दांड्यांच्या मधे ब्रश उभे केले. पोरीची अक्कल अशी, की तिने रंगांच्या आधी कापूस, रुमाल, हात निर्जंतुक करायचं औषध आणि रंग मिसळायची छोटी स्टीलची पट्टी घेतली. तिच्या कोर्सच्या बाई शिकवत, "आधी स्वच्छता, मग शोभा." ब्रशही मोठा संच न घेता मोजकेच, पण मऊ घेतले. दर वापरानंतर ती ते धुऊन आडवे वाळवी. जरीनाच्या चेहऱ्यावर तिने इतके प्रयोग केले, की दूधवाल्याने एक दिवस जरीनाला ओळखलंच नाही!

पण एक चूक झाली. बाटल्या माझ्यात मावतात का ते पाहायला सबा मला जळगावच्या दुकानात घेऊन गेली होती. फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याला लावायचा मूळ रंग, घ्यायचा होता. तिने दोन उजळ बाटल्या घेतल्या, एक गव्हाळ घेतली आणि चौथी, गडद सावळी, हातात धरली. दुकानदार म्हणाला, "ती राहू द्या ताई. आपल्याकडे सगळ्यांना गोरंच व्हायचं असतं." सबाने बाटली परत ठेवली. मला वाटलं, अगं, आपण केळीच्या नि कापसाच्या मुलखात राहतो, उन्हात राबणारी माणसं आपली! पण पेटीला कोण विचारतो?

आणि पहिलं बोलावणं आलं ते असोद्याहून. नवरीचं नाव मेघा. शेतकऱ्याची मुलगी, कॉलेज करून बापाबरोबर केळीच्या बागेत उभी राहणारी. रंग सावळा, उन्हाने तापलेला, तजेलदार. आदल्या दिवशी भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात होता. सोबत तिची आत्या होती, ताईबाई. माहेर असोद्याचं, सासर शिंदखेड्याचं, आणि आवाज असा की दोन्ही गावांना ऐकू जावा.

मला पाहताच आत्या सासरच्या अहिराणी बोलीत कडाडल्या, "हाई काय शे? मेकअपवाली बलाई व्हती ना? हाई त बांगड्यास्नी पेटी शे!"

सबा कशीबशी हसली. "सामान आत चांगलं आहे, आत्या."

"ऱ्हाऊ दे ते. पोरले गोरी करजो बरं! बठ्ठ वऱ्हाड देखी."

सगळं वऱ्हाड बघणार, त्यात पहिलं काम आणि घरच्या वडीलधाऱ्या बाईची आज्ञा. सबाने उजळ बाटली उघडली. काम तिने सफाईने केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. आत्या खूश झाल्या. "आते कशी दिसस व माय!" म्हणून त्यांनी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली.

मेघाने माझ्या झाकणातल्या आरशात पाहिलं. कपाळावरची टिकली नीट करायला हात वर नेला आणि तो तिथेच थांबला. आरशात तिचा हात आणि तिचा चेहरा शेजारी शेजारी आले होते, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नव्हती. तिने घाईने हात पदराखाली घेतला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "हातांनाही थोडं लावता येईल का?"

मित्रांनो, माझ्या काळजात चर्र झालं. ज्या हातांचं कौतुक करत नजीरभाऊंचा जन्म गेला, तसेच हात ही पोर आज लपवत होती! आत्या मात्र म्हणाल्या, "लाव ना मंग हातले बी!"

सबाने मेघाच्या हाताकडे पाहिलं. ती काय विचार करत होती, ते मला कळत होतं. हात रंगवले असते तर आत्या खूश, असोद्यात नाव, पुढची बोलावणी पक्की. नाहीतर कापडाचं दुकान आणि मी परत माळ्यावर. तिने कापूस घेतला, तेल घेतलं आणि मेघाच्या गालावरून सगळं पुसायला सुरुवात केली.

"काय करी ऱ्हायनी तू?" आत्या ओरडल्या. "बठ्ठ पुसी टाकं! मुहूर्त जवळ उना ना!"

सबाने पुसणं थांबवलं नाही. "चूक माझी आहे, आत्या. मी आधी हिचा हात पाहायला हवा होता. आमच्या घरचा नियम आहे, भरताना वाढवली तर आमची. सामान माझं गेलं. तिचा मेकअप अजून व्हायचाच आहे."

तो नियम ऐकताच आत्या चपापल्या. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. वाकून त्यांनी माझ्या पितळी कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"तू कोनी पोर शे व?"

"नजीर मण्यारांची नात."

"नजीरभाऊनी नात!" आत्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मना लगीनना चुडा ह्याच पेटीमाईन भरा व्हता." त्यांनी स्वतःचं मनगट दुसऱ्या हातात धरलं. त्या मनगटावर काय झालं होतं, ते तुम्हाला नि मला ठाऊक आहे. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "कर. तुले जसं पटस तसं कर."

सबाने मेघाला दारात उन्हाच्या बाजूला बसवलं. तिचा हात हातात घेतला, जरासा दाबला आणि म्हणाली, "काय रंग आहे! बांगड्यांचं नशीब उघडलं!" मेघा खुदकन हसली. गडद बाटली नव्हती, म्हणून स्टीलच्या पट्टीवर सबाने गव्हाळ रंगात गालांच्या छटेसाठीचा तपकिरी थोडा थोडा मिसळला. दर वेळी तो हिरव्या बांगड्यांच्या वर, मनगटाला लावून उन्हात पाहिला. जुळेना, पुन्हा मिसळला. शेवटी मनगटावर लावलेला रंग दिसेनासा झाला, तोच तिने चेहऱ्याला लावला.

काय सांगू तुम्हाला! मेघाने आरशात पाहिलं आणि दोन्ही हात आपणहून गालांशी नेले. हिरवा चुडा, सावळे हात, सावळा चेहरा, सगळं एकाच मुलीचं होतं. मी आयुष्यभर सुंदर वस्तू पोटात वागवल्या, पण त्या दिवशीसारखं सौंदर्य मी पाहिलं नव्हतं.

मंगलाष्टकांची हाक आली तेव्हा आत्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "बांगड्या भरी झायात का पाया पडतस. पड, मेघा."

"अहो नको, आत्या, मी हिच्याएवढीच आहे!" सबा मागे सरली. मेघा ऐकेना. ती वाकलीच. सबाने तिला अर्ध्यात धरलं आणि म्हणाली, "सुखी राहा."

संध्याकाळी आम्ही एरंडोलला परतलो. नजीरभाऊ खाटेवर बसून वाट पाहत होते. त्यांनी जेवलीस का विचारलं नाही, लग्न कसं झालं विचारलं नाही. माझ्या झाकणावर थरथरता हात ठेवून म्हणाले, "आज किती वाढवल्या?"

"एक," सबा म्हणाली. "अख्खा चेहरा."

"कुणाची?"

"आपली, दादाजी."

म्हातारा इतका हसला की खोकला लागला. जरीना पाणी घेऊन आली. त्या दिवसानंतर तिने कापडाच्या दुकानाचं नाव काढलं नाही.

मित्रांनो, घरात माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. पुसा, उन्हात ठेवा, कामाला लावा. आणि सबाकडे आलात तर माझा पहिला कप्पा बघा. तिथे आता सगळ्यांच्या पुढे ती गडद बाटली असते, आणि सगळ्यांत आधी तीच संपते.