आटवलेलं पाणी

दुपारी कपड्यांचा ढीग छताला टेकायला आला की लॉन्ड्रीच्या मालकाला हमखास धाकटीची आठवण यायची.

"ताई, तुझी बहीण शिकली तरी नक्की काय? थोडं रसायन, थोडी माती, थोडं रक्त. धड डॉक्टर नाही, धड इंजिनिअर नाही!"

"मालक, तुमच्याकडे तरी नुसते शर्टच येतात का?" डबा घेऊन आलेली धाकटी दारातूनच सुनवायची.

ताई इस्त्री फिरवत गालात हसायची. हसू तेवढंच उरलं होतं. सासरी, दूधवाल्यांच्या घरात, तिची तीन तान्ही बाळं एकामागून एक गेली. कशी, ते ती कधी बोलली नाही. वस्तीच्या रिवाजाप्रमाणे ती 'लेकुरखाई' ठरली. अशा बाईला घरात ठेवायचं नाही, बाळंतिणीनं तिचं तोंड पाहायचं नाही, बाळाचं कापड तिच्या हाती द्यायचं नाही. हा रिवाज चालवणारा वस्तीचा प्रमुख म्हणजे तिचाच सासरा. नवऱ्यानं तिला घराबाहेर काढून दुसरी बायको आणली. धाकटी तेव्हा शिकत होती; दातओठ खात शिकली. एक दिवस ह्या माणसांना मान खाली घालायला लावीन, एवढंच मनात धरून.

एका दुपारी नवऱ्याची ती दुसरी बायको मागच्या दारानं लॉन्ड्रीत शिरली. शालीत बाळ.

"ताई, रिवाज गेला खड्ड्यात. तुमच्या बाळांचे ओठ असेच निळे व्हायचे का हो?"

ताईच्या हातातली इस्त्री जागीच थांबली. उशीची खोळ करपल्याचा वास सुटला.

"असेच."

धाकटीला आधी काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. भोगा म्हणावं! पण तेवढ्यात ते बाळ शिंकलं, आणि त्या एवढ्याशा नाकाचा दूधवाल्यांशी काही संबंध दिसेना.

"अंगावर पितो?"

"सासूबाई पाजू देत नाहीत. सुनांचं दूध बाधतं म्हणतात, ताईंनाही पाजू दिलं नव्हतं. पावडरचं दूध बाटलीनं देतात, आमच्या विहिरीच्या पाण्यात. पाणी आटवून आटवून अर्धं करतात हो, शुद्ध व्हावं म्हणून."

धाकटीच्या डोक्यात वेगवेगळे वर्ग एका बाकावर येऊन बसले. गोठ्यामागचा शेणाचा खड्डा उंचावर, विहीर उतारावर: ही माती. शेणातलं नायट्रेट पाण्यात झिरपतं. उकळून जात नाही, उलट दाट होतं: हे रसायन. आणि तान्ह्याचं रक्त मग प्राणवायू वाहू शकत नाही.

"मालक, गाडी काढा!" ती ओरडली.

इस्पितळात तिचं ऐकून डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि निळ्या बाळाला निळंच औषध टोचलं. अंधार पडायच्या आत ओठ गुलाबी झाले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यानं वस्तीची बैठक बोलावली.

"त्या अवदसेनं पाहिलं आणि बाळ निळं पडलं!" सासू ओरडली.

"आधी निळं पडलं, मग पाहिलं," दुसरी म्हणाली. बैठकीत सुनेचा आवाज पहिल्यांदाच निघाला होता.

धाकटीनं त्यांच्याच विहिरीचं पाणी पेल्यात आणलं होतं. त्यात नायट्रेट दाखवणारी कागदाची पट्टी बुडवली. ती गडद गुलाबी झाली. नळाच्या पाण्यातली पांढरीच राहिली.

"माझ्या बहिणीची लेकरं कुणी खाल्ली ते बघा. खड्डा तुमचा, विहीर तुमची, पाणी आटवणारे हात तुमचे. आणि नाव तिचं!"

"मी तर जीव लावून उकळत होते गं..." सासू पेल्याकडे बघत म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तुम्हाला मी खुनी म्हणत नाही. तुम्ही तिला म्हणालात."

सासरा खाकरला. "झालं गेलं सोडा. मोठ्या सुनेला मानानं घरी नेतो."

ताई उभी राहिली. "माझी तिन्ही आणून द्या. मग येते."

धाकटी प्रमुखाच्या खुर्चीपाशी गेली. "उठा."

त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. बसा म्हणणारं कुणीच निघालं नाही, तसा तो उठला आणि धाकटी बसली.

खुर्चीवरून तिचं पहिलं फर्मान निघालं: रिवाज बंद. खड्डा सासऱ्यानं स्वतः उपसायचा. आणि विहिरीचं पाणी दर आठवड्याला तपासायचं. आणायचं सासूनं, पट्टी बुडवायची ताईनं.

"जरा जास्तच होतंय, पोरी," मागून कुणीतरी म्हणालं.

"हो, जास्तच," धाकटी म्हणाली.

अजूनही सासू पाण्याचं भांडं घेऊन लॉन्ड्रीच्या दारात येते. आत पाऊल टाकायची छाती होत नाही. ताई मान वर करत नाही.

"थांबा," ती म्हणते. "बाळांची दुपटी आलीत. आधी ती होऊ द्या."