डावा थोरलीचा, उजवा धाकटीचा

सासऱ्यांची नजर अधू झाली आणि घरात रापीचा प्रश्न उभा राहिला. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. टाका चुकला तर एक बूट जातो, काप चुकला तर अख्खं कातडं. म्हणून सासऱ्यांनी आजवर रापीला कुणाला हात लावू दिला नव्हता. दोन्ही मुलगे दुसऱ्या कामांना लागलेले. बुटांच्या त्या खोलीत हाताखाली शिकत होत्या त्या दोन सुना.

थोरली सहा वर्षांपासून बसत होती. धाकटीला जेमतेम आठ महिने झाले होते, पण हात असा की जणू भोकं पाडायची आरी घेऊनच जन्माला आली. तिचा टाका अंगठ्याने चाचपून सासरे खुशीत मान डोलवायचे. थोरलीला ती मान डोलावलेली सहा वर्षांत चार वेळा दिसली असेल. त्यात धाकटी स्वभावाने गोड. राग यावा असं काही करायचीच नाही मेली, आणि त्याचाच थोरलीला जास्त राग.

एका सकाळी सासऱ्यांनी एका जोडाची कातडी दोघींपुढे टाकली.

"डावा थोरलीने शिवायचा, उजवा धाकटीने. जिचा हात पक्का, तिच्या हाती रापी."

"आणि जोड जुळलाच नाही तर, बाबा?" धाकटीने विचारलं.

"तर गिऱ्हाईक लंगडी घालत जाईल."

धाकटी खळखळून हसली. थोरलीने दोऱ्याला मेण लावायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी तळ शिवायची वेळ आली. दोघी खिडकीखाली समोरासमोर. थोरलीचे हात आपल्या बुटावर, डोळे धाकटीच्या मांडीवर. तिथे टाके कसे, मुंग्यांनी रांग धरावी तसे.

"ताई, तोंड का उतरलंय?"

"माझं तोंड असंच आहे. तू आपलं बघ."

धाकटी पाणी आणायला उठली. तेवढ्यात थोरलीने तिच्या बुटावर अंगठा टेकवून टाके मोजले. अंगठ्याच्या पेरात आठ. आपले सहा! तिने दोरा उसवला आणि पुन्हा शिवला. सात भरले, पण ओळ वाकडी. पुन्हा उसवला. तिसऱ्यांदा आठ साधले, आणि शेवटचा टाका ओढताना बारीकसा 'टर्र' आवाज झाला. वहीचं पान सुटावं तसं कातडं भोकांच्या रांगेवरून सुटून आलं.

चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. हा पहिल्या आठवड्याचा धडा. धाकटीला तो तिनेच शिकवला होता.

सासऱ्यांनी बूट हातात घेतला. दोन्ही बुटांचं कातडं भिजवलं होतं धाकटीने. 'हिने जास्त भिजवलं, कुजलं,' एवढं म्हटलं की झालं. शब्द थोरलीच्या ओठांवर येऊन बसले. पण सासऱ्यांचा अंगठा फाटलेल्या कडेवरून फिरत होता, आणि त्या अंगठ्यापुढे खोटं बोलायची तिची छाती होईना.

"किती वेळा उसवलंस?"

"दोनदा."

"कशाला? पहिली भोकं तर सरळ आहेत की!"

"हिच्यासारखे टाके हवे होते," थोरली म्हणाली.

धाकटी मान खाली घालून बसली. सासऱ्यांनी रापी तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहिला काप. कातडं ताणून धरायला माणूस लागतं, ते काम आलं थोरलीकडे. धाकटीने कागदी माप ठेवून रेघ मारली. त्या रेघेखाली थोरलीला फिकट, केसासारखी खूण दिसली. जनावराचा जुना ओरखडा. बुटाच्या साच्यावर ताणलं की तिथेच तडकणार. सासऱ्यांना आता ते दिसत नव्हतं. धाकटीला ओळखता येत नव्हतं.

"इथून घेऊ ना, ताई?"

आपण काहीच करायचं नाही, नुसतं गप्प राहायचं. एक कातडं वाया जाईल आणि रापीचा प्रश्न परत उभा राहील. थोरलीने श्वास धरून ठेवला. पातं कातड्याला टेकलं.

"थांब. दोन बोटं खाली घे. तिथे ओरखडा आहे."

"कुठे? मला नाही दिसत."

"तुला नाहीच दिसायचा. आठ महिन्यांत दिसत नाही तो."

हे तिने मुद्दाम सासऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. धाकटीने माप खाली सरकवलं. थोरलीच्या पोटात अजून जळतच होतं. तिने कातडं आणखी घट्ट धरलं.