कानस लागलेला माउथपीस

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा. मी एक जुना माउथपीस आहे, म्हणजे क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा काळा तुकडा, आणि माझ्या पोटाला अजून गुटख्याचा वास येतो. शी! स्वतःच्याच अंगाची किळस येण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

माझा जन्म कडक रबराचा. कारखान्यात मला चोचीसारखा आकार दिला. माझ्या एका अंगाला वेताची पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. रीडच्या आणि माझ्या टोकात बारीकशी फट असते. सगळी करामत त्या फटीची. अरुंद असली तर थोड्या फुंकरीतही सूर मऊ निघतो. रुंद असली तर आवाज मोठा, पण दम लागतो, ओठ घट्ट आवळावे लागतात. माझी फट अरुंद होती.

जामखेडच्या बँडमधल्या भिमाजींनी मला तीस वर्षं जिवापाड जपलं. वाजवून झालं की कोमट पाण्यानं धुवायचे, मऊ फडक्यानं पुसायचे. लोकांच्या शेकडो लेकी त्यांनी वाजवून सासरी पाठवल्या. आता हौस एकच उरली होती, आपल्या लेकीची, राजेश्वरीची, पाठवणी स्वतः वाजवायची. दात हलत होते, छातीत जोर नव्हता. पण माझ्या फटीवर त्यांचं निभत होतं.

लग्नाच्या सकाळी भिमाजी मांडवात पाहुण्यांत गुंतले होते. तेवढ्यात त्यांच्या भाच्यानं, बजरंगनं, मला उचललं. हा शुगर फॅक्टरीत फिटर. गालात गुटख्याचा तोबरा, आणि तसंच मला तोंड लावलं! लाल लाळ माझ्या पोटात उतरली. मला ओकारी आली, पण माउथपीसला ओकता थोडंच येतं? डीजेपुढं हा आवाज टिकायचा नाही असं ठरवून बहाद्दरानं कानस काढली आणि माझं टोक घासून फट रुंद केली. वर धुवायचं म्हणून उकळत्या पाण्यात टाकलं. माझा काळाभोर रंग हिरवट पडला, अंगाला रबरातल्या गंधकाची घाण सुटली. काय म्हणावं या अकलेला!

पाठवणीची वेळ झाली. भिमाजींनी मला ओठांत धरलं, घाणीनं तोंड वाकडं केलं आणि फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं, तर बदकासारखा आवाज निघाला आणि वऱ्हाडी हसले.

"मामा, जोर लावा," बजरंग कौतुकानं म्हणाला. "पाइपाचं तोंड वाढवलं की पानी जास्त येतं. म्या तुमचं बी वाढवलंय."

भिमाजींनी माझ्यावरून अंगठा फिरवला. त्यांना चरे लागले. तिसऱ्यांदा फुंकलं, तेव्हा सूर आला नाही, खोकला आला.

गाडीत बसलेली राजेश्वरी खाली उतरली. "आबा, ऱ्हाऊ द्या त्ये," ती म्हणाली. "मला नुसतं गुनगुनून दावा."

भिमाजी तिच्या कानाशी वाकले आणि सगळी चाल गुणगुणले. दुसऱ्या कुणाला ऐकू गेली नाही. मी त्यांच्या मुठीत होतो. तीस वर्षं त्यांचा श्वास आधी माझ्यात यायचा, त्या दिवशी मला वगळून गेला.

भिमाजी भाच्याला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. म्हणून मी बोलतो. मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू सुधारायला निघाल, तेव्हा ती कुणाच्या दमावर बेतलेली आहे ते आधी विचारा.